पूल उभा आहे तोवरच

सिलिगुडीहून उत्तरेला निघाले की वीसेक किलोमीटरवर मैदान एकदम संपते. दोन्ही अंगांना सालाची दाट झाडी, समोर डोंगर आणि त्या डोंगराला चिरत मैदानात उतरणारी तिस्ता. ठिकाणाचे नाव सेवोक. इथे रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता नदीच्या काठाकाठाने कालिम्पाँग आणि गंगटोककडे चढत जातो. दुसरा एका काँक्रीटच्या कमानीवरून तिस्ता ओलांडतो, पलीकडच्या जंगलात शिरतो आणि डुआर्सच्या चहामळ्यांमधून आसामची वाट धरतो. ही कमान म्हणजे कोरोनेशन पूल. स्थानिक लोक त्याला बाघपूल म्हणतात, कारण त्याच्या एका टोकाला दोन वाघांचे पुतळे आहेत. पर्यटक त्या वाघांपाशी फोटो काढतात, कठड्यावर माकडे बसलेली असतात, आणि या गर्दीतून गाड्या एकामागून एक सरकत असतात.

हा पूल १९४१ साली पूर्ण झाला, म्हणजे त्याने ऐंशी वर्षे कधीच ओलांडली. २०११ च्या भूकंपात त्याला इजा झाली, तेव्हापासून त्याच्यावरून अवजड वाहने नेण्यास बंदी आहे. शेजारी दुसरा पूल हवा, ही मागणी डुआर्सचे लोक वर्षानुवर्षे करत आहेत. मोर्चे झाले, निवेदने झाली, आखण्या झाल्या, घोषणाही झाल्या. दरम्यान जुना पूल आपले काम करतोच आहे.

या पुलाबद्दल मराठीत लिहिण्याला कारण आहे. जुन्या पुलाचे पुढे काय करायचे हा निर्णय तो धडधाकट असतानाच घ्यावा लागतो आणि नेमका तेव्हाच आपण तो घेत नाही, हे मला सांगायचे आहे. सह्याद्रीत याची किंमत आपण मोजली आहे. सेवोकचा पूल अजून उभा आहे, म्हणून तिथे ती मोजावी लागू नये असे मनापासून वाटते.

आधी हा पूल कसा उभा राहिला ते पाहू. बंगालचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन अँडरसन यांनी १९३७ साली त्याची पायाभरणी केली. त्याच वर्षी १२ मे रोजी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला होता, त्यावरून पुलाला नाव पडले. आराखडा दार्जिलिंग विभागाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातले कार्यकारी अभियंता जॉन चेंबर्स यांचा. खर्च सुमारे चार लाख रुपये. कामाचा ठेका मिळाला होता मुंबईच्या जे. सी. गॅमन यांच्या कंपनीला. मुंबईत अपोलो बंदरावर गेट वे ऑफ इंडिया उभे राहिले त्याच्या पायाचे काम याच कंपनीचे. लोखंडी सळया घातलेले काँक्रीट तेव्हा आपल्याकडे नवखे होते आणि त्यात हात बसलेले कंत्राटदार मोजकेच. मुंबईच्या दलदलीत कमावलेले कसब हिमालयाच्या पायथ्याशी खडकावर वापरायला नेले गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. असायला हवी.

सेवोकला तिस्ता अरुंद होते, खोल होते आणि तिचा वेग भयंकर असतो. पात्रात पाया घेऊन पीलपाये उभारणे शक्य नव्हते. म्हणून चेंबर्स यांनी नदीला हातच लावला नाही. दोन्ही काठांच्या खडकात टोके रुतवून एकच मोठी कमान टाकली आणि तिच्यावर खांब उभारून रस्ता नेला. कमानीचे काम साध्या तुळईच्या पुलाहून वेगळ्या रीतीने चालते. तुळई आपला भार सरळ खाली खांबावर सोडते. कमान तो भार वळवते आणि दोन्ही बाजूंच्या काठांवर तिरका रेटते. त्यामुळे कमानीची खरी ताकद काँक्रीटइतकीच काठच्या खडकात असते. तो खडक जागचा हलला नाही तर कमान पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सेवोकची कमान स्थिर प्रकारची आहे, म्हणजे तिच्या टोकांना बिजागरी नाहीत, ती काठाशी एकजीव केलेली आहेत. याने पूल ताठ राहतो, पण टोक जरासे सरकले तरी त्याचा ताण सगळ्या कमानीत पसरतो. पायाभरणीच्या तीनच वर्षे आधी, १५ जानेवारी १९३४ रोजी, बिहार आणि नेपाळ हादरवणारा भूकंप झाला होता. मुंगेर शहर त्यात जमीनदोस्त झाले. अशा काळात, अशा मुलखात एवढी कमान टाकायला अभ्यास लागतो आणि छातीही लागते.

पूल बांधला तेव्हा त्याचे काम मर्यादित होते. दार्जिलिंगचा डोंगर आणि डुआर्सचे चहामळे जोडायचे, माणसांची आणि मालाची ये-जा सोपी करायची, इतकेच. आसामला जाणारी मुख्य वाहतूक तेव्हा इथून होत नव्हती. ती रेल्वेने पूर्व बंगालच्या सपाटीतून, पार्वतीपूर आणि लालमणिरहाटवरून होई. पूल पूर्ण होऊन सहा वर्षे झाली आणि देशाची फाळणी झाली. ती सगळी सपाटी पाकिस्तानात गेली. आसाम आणि उरलेला भारत यांच्यामध्ये सिलिगुडीजवळची एक चिंचोळी पट्टी राहिली, आणि त्या पट्टीत तिस्ता आडवी. रेल्वेने युद्धपातळीवर जोडमार्ग घातला, तिस्तेवर सेवोकपाशीच रेल्वेचा पूल बांधला, आणि १९५० च्या जानेवारीत आसामची गाडी भारताच्या भूमीवरून धावू लागली. पण तोवरच्या काळात आणि त्यानंतरही रस्त्याने आसामकडे जायचे तर भरवशाची वाट हीच होती. चहाच्या पेट्यांसाठी बांधलेल्या पुलावर एका रात्रीत अख्ख्या ईशान्य भारताचा भार आला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर त्याचे लष्करी मोलही सगळ्यांना कळले.

पुलांचे आयुष्य ठरवताना आपण ही गोष्ट नेहमी विसरतो. पूल जागच्या जागी उभा असतो, म्हणून तो होता तसाच आहे असे वाटते. पण त्याच्यावरून काय जाते ते बदलते, त्याच्याखालून काय वाहते ते बदलते, आणि क्वचित त्याच्या भोवतीचा देशही बदलतो. बांधताना गृहीत धरलेले सगळे मागे पडते आणि पूल मात्र त्याच गृहीतांवर उभा असतो.

खालून काय वाहते त्याची गोष्ट घ्या. १९६८ च्या ऑक्टोबरात चार दिवस डोंगरावर प्रचंड पाऊस कोसळला. दरडींनी नद्या अडवल्या, ते बांध फुटले आणि तिस्ता जलपायगुडी शहरात घुसली. शेकडो माणसे गेली. सेवोकच्या वरच्या बाजूला तिस्ता बाजारपाशी अँडरसन पूल होता, हाही काँक्रीटच्या कमानीचा आणि १९३३ सालचा, म्हणजे वयाने जवळजवळ बरोबरीचा. तो त्या पुरात वाहून गेला. कोरोनेशन पूल टिकला. त्याच्या उंच कमानीखाली पात्रात पुराने धरून हलवावे असे काही नव्हते. नदीला हात न लावण्याचा चेंबर्स यांचा निर्णय तीस वर्षांनी कामी आला.

त्यानंतर बरोबर ५५ वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरात, सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक हे हिमतळे फुटले. पाण्याच्या लोंढ्याने चुंगथांगचे धरण उद्ध्वस्त केले, सिक्कीममधले कितीतरी पूल नेले, आणि गंगटोकचा रस्ता जागोजागी तोडला. सेवोकची कमान याही वेळी उभी राहिली. पण पुरासोबत आलेला गाळ आणि दगडगोटे तिस्तेच्या पात्रात साचले आणि पात्र उथळ झाले. सेवोकच्या थोडे वर कालीझोरा येथे आता जलविद्युत प्रकल्पाचे धरण आहे, त्याच्याही वरच्या अंगाला रंबी येथे दुसरे आहे. पुलाच्या शेजारच्या डोंगरांतून सेवोक ते रंगपो रेल्वेमार्गाचे बोगदे खोदले जात आहेत. १९३७ साली चेंबर्स यांनी पाहिलेली नदी आणि पाहिलेला डोंगर आज राहिलेले नाहीत. ‘इतके पूर पाहिले, हाही पाहील’ या म्हणण्याला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. मागचे पूर वेगळ्या नदीचे होते.

आता वरून काय जाते ते पाहा. १८ सप्टेंबर २०११ च्या संध्याकाळी सिक्कीम आणि नेपाळच्या सीमेवर ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. पुलाला तडे गेले. त्यानंतर १० टनांहून जड वाहनांना बंदी आली. अवजड मालमोटारी तेव्हापासून जलपायगुडीच्या बाजूने वळसा घेऊन जातात. १० टन ही मर्यादा किती तोकडी आहे, हे समजण्यासाठी एक आकडा पुरे. २०१८ साली केंद्र सरकारने मालमोटारींना अधिक वजन वाहण्याची मुभा दिली. चार टायरच्या एका आसावर पूर्वी १०.२ टन चालत, ते ११.५ टन झाले. म्हणजे रस्त्यावर कायद्याने चालणाऱ्या मोटारीच्या एकाच आसावर जेवढे वजन असू शकते, तेवढेही या पुलाला सबंध मोटारीचे झेपत नाही असे सरकारच सांगते. आणि हा राष्ट्रीय महामार्गावरचा पूल आहे.

महामार्गाचा क्रमांकही मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. सेवोकहून गुवाहाटीकडे जाणारा हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १७. फेरक्रमांकन होण्यापूर्वी हाच १७ क्रमांक आपल्या मुंबई–गोवा महामार्गाचा होता. कोकणातल्या दोन पिढ्यांनी त्या रस्त्याला ‘सतरा नंबर’ म्हणूनच ओळखले. पुढे तो ६६ झाला. त्याच रस्त्यावर महाडजवळ सावित्री नदीवर दगडी कमानींचा एक पूल होता, १९२८ सालचा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरच्या डोंगरावर धो-धो पाऊस पडत होता. सावित्री महाबळेश्वरलाच उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत खाली येते. मध्यरात्रीच्या सुमाराला तो पूल कोसळला. जयगडहून मुंबईला निघालेली एसटी आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेली एसटी, शिवाय काही खासगी गाड्या अंधारात पुराच्या पाण्यात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसे बुडाली. मृतदेह पुढचे कित्येक दिवस खाडीच्या दिशेने दूरदूरवर मिळत राहिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि त्याला धोका नसल्याचा निर्वाळाही मिळाला होता, असे सरकारतर्फे तेव्हा सांगण्यात आले.

या दुर्घटनेची चर्चा पुष्कळ झाली. पण त्यातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. सावित्रीवर तेव्हा एकच पूल नव्हता. जुन्या पुलाला लागून २००१ साली बांधलेला दुसरा पूल होता. तो त्या रात्री उभा राहिला. नवा पूल हाताशी असूनही जुन्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या नव्या पुलावरून आणि मुंबईकडे येणाऱ्या जुन्यावरून, अशी वाटणी केलेली होती. नवा पूल आला, रस्त्याची क्षमता दुप्पट झाली, पण जुन्याला सुटी मिळाली नाही. त्या दोन्ही एसटी मुंबईकडे येत होत्या.

दुसरा पूल बांधला की प्रश्न सुटला, असे समजणाऱ्यांनी सावित्रीकडे पाहावे. सेवोकच्या दुसऱ्या पुलाची मागणी रास्तच आहे, पण ती अपुरी आहे. नवा पूल कधी वाहतुकीला खुला होईल हे जसे ठरवायचे, तसेच त्याच दिवशी जुन्यावरून काय बंद होईल हेही ठरवायला हवे आणि ते लिहून, जाहीर करून ठरवायला हवे. तसे झाले नाही तर नव्या पुलाच्या जोरावर जुन्यावरची वजनमर्यादा हळूच ढिली होईल. गर्दीच्या दिवसांत ‘तात्पुरती’ म्हणून वाहतूक वळवली जाईल आणि ती तशीच राहील. आपल्या रस्त्यांवर ‘तात्पुरते’ या शब्दाचा मुक्काम किती लांबतो, ते सांगायला नको.

आणि पूल पडायचा तो कसा पडतो, हेही समजून घ्यायला हवे. दगडी कमानींच्या पुलात एका गाळ्याची कमान शेजारच्या गाळ्याच्या कमानीला रेटून धरते. दोन्ही रेटे पीलपायावर एकमेकांना तोलतात. पुराने एका पीलपायाखालची माती आणि वाळू खरवडून नेली की तो तोल जातो आणि एकामागून एक गाळे ढासळतात. ही झीज पाण्याखाली होते. रस्त्यावर उभे राहून, गाडीच्या खिडकीतून, किंवा काठावरून दुर्बीण लावूनही ती दिसत नाही. सावित्रीच्या पात्रातल्या वाळूउपशाबद्दल स्थानिक लोक तेव्हा संतापाने बोलत होते, त्याचा अर्थ हाच. सेवोकच्या पुलाला पाण्यात पीलपाया नाही, त्यामुळे त्याला ही भीती नाही. त्याचा धोका वेगळा. काँक्रीटच्या आत सळया असतात. सांध्यांतून, तड्यांतून पावसाचे पाणी मुरते आणि सळयांना गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते आणि आतूनच काँक्रीटला फोडते. खपल्या पडतात, सळई उघडी होते, आणखी पाणी आत जाते. डुआर्सच्या पावसात, सालाच्या सावलीत, महिनोन्‌महिने न वाळणाऱ्या ओलीत हे वेगाने होते. त्यात दर पावसाळ्यात दरडी येणारा काठ आणि भूकंपाचा मुलूख. म्हणून एका पुलाच्या पाहणीचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. महाडच्या पुलासाठी पाणबुड्या हवा होता, सेवोकला काठच्या खडकाची मिलिमीटरने मोजणी हवी.

सावित्रीनंतर नव्या पुलाचे काम १६५ दिवसांत झाले आणि ५ जून २०१७ रोजी तो सुरूही झाला. काम चोख झाले, हे मान्यच करायला हवे. पण मनात सल राहते ती याचीच. जे १६५ दिवसांत होऊ शकत होते, त्यासाठी आधीची कितीतरी वर्षे हातात होती. दुर्घटनेनंतर दोनच महिन्यांनी, २०१६ च्या ऑक्टोबरात, राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची आणि मोऱ्यांची देशव्यापी नोंदवही तयार करण्याचे काम केंद्राने हाती घेतले. दीड लाखाहून अधिक बांधकामांची नोंद त्यात झाली. हेही चांगलेच. पण ती नोंद सामान्य माणसाच्या हाती नाही आणि नोंद झाली म्हणून कुठल्या पुलाला निवृत्ती मिळते असेही नाही.

जुन्या पुलाची दुसरी गतही आपण पाहिली आहे. बोरघाटात द्रुतगती मार्गावर अमृतांजन पूल होता, ब्रिटिशांच्या काळातला. वेदनाशामक बामच्या जाहिरातीवरून त्याला ते नाव पडले. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाने त्याखालून प्रवास केलेला. त्याचे खांब द्रुतगती मार्गाच्या मधोमध येत होते, वळणावर कोंडी होत होती, अपघात होत होते. हे सगळे खरे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, सुरुंग लावून तो पाडण्यात आला. पाडण्याच्या कारणांशी माझे भांडण नाही. पण ज्या काळात सगळे लोक घरात कोंडलेले होते त्या काळात घाटाच्या इतिहासाची एक खूण गेली आणि तिच्याबद्दल नीट चर्चाही झाली नाही. द्रुतगती मार्गाची आखणी करतानाच त्या पुलाचे पुढे काय, हा प्रश्न सोडवला असता तर कदाचित दुसरा मार्ग निघाला असता. एकदा खांबांच्या मधून रस्ता नेला की पुढे सुरुंगाशिवाय पर्याय उरत नाही.

म्हणजे एक पूल पडेपर्यंत राबवला गेला आणि दुसरा अडचण झाला म्हणून उडवला गेला. तिसरी वाट नाही का? आहे आणि ती शेजारच्या गुजरातने दाखवली आहे. अहमदाबादला साबरमतीवर १८९२ सालचा एलिस ब्रिज आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना नवे पूल बांधून वाहतूक त्यांच्यावर वळवली आणि मधला लोखंडी पूल तसाच ठेवला. भरूचला नर्मदेवर १८८१ सालचा गोल्डन ब्रिज आहे. २०२१ साली शेजारी नवा पूल सुरू झाला आणि जुना वाहनांना बंद झाला. दोन्ही पूल पडायच्या आधी थांबवले. दोन्ही आजही उभे आहेत. सेवोकच्या कमानीलाही असाच मान मिळायला हवा. माणसांना चालायला, सायकलींना, शाळेतल्या मुलांना नदी आणि डोंगर दाखवायला ती आणखी पन्नास वर्षे चालेल. गाड्यांचा भार मात्र तिच्यावरून उतरायला हवा.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला जंगलाचा. सेवोकच्या पश्चिम काठाला महानंदा अभयारण्य आहे, पूर्वेलाही राखीव वन. हत्तींचे कळप मेची नदीपासून पूर्वेकडे या पट्ट्यातून ये-जा करतात. याच पट्ट्यातून जाणारी सिलिगुडी–अलीपूरद्वार रेल्वे हत्तींच्या मृत्यूंसाठी कुप्रसिद्ध आहे. गेज बदलून गाड्यांचा वेग वाढला तेव्हापासून तर अधिकच. नवा पूल म्हणजे नवे जोडरस्ते, म्हणजे झाडे, म्हणजे हत्तींच्या वाटेत आणखी एक अडथळा. हा आक्षेप टोलवण्यासारखा नाही. पण जंगलाची बाजू घेणाऱ्यांनी एक विचार करावा. जुना पूल कोसळला किंवा अचानक बंद पडला तर त्यानंतर होणारे काम घाईत होईल. सैन्याची निकड, ईशान्येची निकड आणि लोकांचा संताप यांच्या रेट्यापुढे तेव्हा हत्तींच्या वाटेचा विचार कुणी करणार नाही. आज शांतपणे आखलेल्या पुलात खांबांची जागा बदलता येते, जोडरस्ता उंचावरून नेता येतो, रात्रीच्या वाहतुकीला वेग ठरवता येतो. संकटात बांधलेल्या पुलात यांतले काहीही होत नाही. जंगल वाचवायचे असेल तर पूल वेळेत आखला जाणे जंगलाच्याच हिताचे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. दुर्गम भागात हजारभर कोटींचे काम, तेही जुना पूल अजून चालतो आहे तेव्हा, कशासाठी? खर्चाचा हा हिशेब अपुरा आहे. अवजड गाड्या गेली कित्येक वर्षे वळसा घालतात, त्याचे डिझेल कोण भरते? आसामचा तांदूळ, डुआर्सचा चहा, सिक्कीमची आले-वेलची यांच्या भावात तो वळसा धरलेला असतो. डोंगराच्या पायथ्याला एखाद्या गावात रुग्ण अडला आणि पूल बंद असला तर त्याची किंमत कुठल्या खात्यात नोंदवायची? पूल बांधण्याचा खर्च कागदावर एकदम दिसतो, पूल न बांधण्याचा खर्च रोज थोडाथोडा आणि दुसऱ्यांच्या खिशातून जातो. म्हणूनच तो दिसत नाही.

पुलांच्या इतिहासाबद्दलही एक सांगायला हवे. कोरोनेशन पुलाबद्दल राजा, गव्हर्नर, अभियंता, कंपनी, खर्च, साल हे सगळे सापडते. पण १९४१ नंतरच्या ऐंशीहून अधिक वर्षांत त्याची डागडुजी कधी झाली, सांधे कधी बदलले, १९५० च्या आसामच्या महाभूकंपानंतर आणि १९६८ च्या पुरानंतर त्याची तपासणी काय सांगत होती, २०११ चे तडे कसे बुजवले, हे गाडी चालवणाऱ्या माणसाला कुठे वाचता येत नाही. पुलाचा खरा इतिहास या नोंदींत असतो. उद्घाटनाचा दगड पुलाचे वय सांगतो, प्रकृती सांगत नाही. प्रत्येक जुन्या पुलाच्या टोकाला त्याची शेवटची तपासणी, वजनमर्यादा आणि पुढच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी, आणि तपासणी करणाऱ्याचे पदनाम असावे. एसटीच्या गाडीवर पासिंगची तारीख लिहिलेली असते, मग ती गाडी ज्याच्यावरून जाते त्या पुलावर का नसावी?

सह्याद्रीतले घाट, कोकणातल्या नद्या, विदर्भातली जंगले यांच्यात ब्रिटिशांच्या काळातले आणि स्वातंत्र्यानंतर लगेच बांधलेले पूल अजून शेकड्यांनी कामावर आहेत. त्यांतले बरेच चांगलेही असतील. पण कुठला चांगला आणि कुठला थकलेला, हे आपल्याला ठाऊक असायला हवे आणि थकलेल्याची जागा घेणारा पूल आधी उभा राहायला हवा.

पावसाळ्याच्या आत वाचकांनी एक काम करावे. आपल्या तालुक्यातला, आपली मुले रोज ज्यावरून शाळेत जातात तो जुना पूल घ्यावा आणि सार्वजनिक बांधकाम खात्याकडे माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: शेवटची तपासणी कधी झाली, पाण्याखालचा पाया कुणी पाहिला आणि पुलाची वजनमर्यादा किती. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहावा लागतो. शुल्क १० रुपये आहे.